पाळण्याला बंपर लावायचा का? आधी टेप घ्या, मग कापड

हिंगणघाटच्या पुढे, कापसाच्या पट्ट्यात आमचं गाव. घराच्या पडवीत माझं मशीन आहे. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे ड्रेस, आणि बाळंतिणीच्या खोलीत लागणारं सगळं मी शिवते: झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची. अलीकडे त्यात एक नवीन मागणी आली आहे. मोबाइल पुढे धरतात. फोटोत पांढरा कॉट, चारही बाजूंनी आतून गुबगुबीत गादीची पट्टी, तिच्यावर ससे छापलेले आणि दर वीतभर अंतरावर नाडीची फुलं. "ताई, अस्साच पाह्यजे. किती घ्याल?"

या पट्टीला बंपर म्हणतात. पाळण्याच्या किंवा कॉटच्या गजांना ती आतून बांधायची, म्हणजे बाळाचं डोकं लाकडावर आपटत नाही आणि हातपाय फटीत जात नाहीत, असा त्यामागचा विचार.

मी बंपर शिवत नाही. नुसतं "नाही" म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, नाहीतर घरबसल्या मागवतं. हजाराच्या आसपास छान डब्यात येतो. म्हणून नाही म्हणतानाच मी टेप हातात देते आणि काय मोजायचं ते सांगते. मोजून झालं की बहुतेक जणी आपणच ठरवतात. तेच इथे सविस्तर लिहिते.

पहिलं माप फटीचं

टेप घ्या आणि दोन गजांमधली मोकळी जागा मोजा. गजाच्या मधोमधपासून मोजू नका, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. एकच फट मोजून थांबू नका, कारण सुतारकामात कोपऱ्याजवळची फट हटकून मोठी निघते. गज खरादीवर घडवलेले, मध्ये बारीक आणि टोकाला जाड असतील तर जिथे गज सर्वांत बारीक तिथे मोजा. आणि मोजताना गज बोटांनी बाजूला दाबून पाहा. हलत असेल तर ती फट दिसते त्यापेक्षा मोठीच आहे.

सर्वांत मोठी फट ६ सेंटिमीटरपर्यंत असेल तर बंपरचं काम तिथे काही उरलेलंच नाही. हा आकडा माझा नाही. अमेरिकेत पूर्वी कॉटच्या फटी मोठ्या असत. बाळाचं अंग पायाकडून सरकत फटीतून बाहेर जायचं आणि डोकं आत अडकायचं. म्हणून १९७३ साली तिथल्या सरकारनं नियम केला की दोन गजांमध्ये २ ३/८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. त्यातून बाळाचं बूड जात नाही, आणि जिथून बूड जात नाही तिथे डोकं अडकायचा प्रश्न येत नाही. बंपर हा त्या मोठ्या फटींच्या काळातला उपाय. फटी लहान झाल्या, पण बंपर काही गेला नाही. उलट पडदे, चादर, बंपर असा जोडीचा सेट होऊन दिखाव्याला राहिला.

आता आपल्याकडचं. कंपनीचा कॉट असेल तर फट बहुतेक ठीक निघते, तरी मोजाच. पण आपल्याकडे घरोघरी असतो तो सागवानी पाळणा. मामानं दिलेला, नाहीतर आजोबांच्या वेळचा, तीन पिढ्या त्यात झोपलेल्या. सुतारानं तो नजरेच्या अंदाजानं घडवलेला असतो आणि लाकूड वाचवायला गज लांब-लांब बसवलेले असतात. चार-पाच इंचांची फट अशा पाळण्यात नवलाची नाही. अशा वेळी मात्र घरच्यांची भीती खरी असते, आणि तेव्हाच बंपरची आठवण होते. पण फट मोठी असेल तर काम सुताराचं आहे, शिंप्याचं नाही. कापडाची पट्टी फट झाकते, बुजवत नाही. नाडी सैल झाली की फट होती तिथेच आहे, फक्त आता दिसत नाही.

सुताराला काय सांगायचं, तेही सांगते. फट १२ सेंटिमीटर असेल तर मधोमध २ सेंटिमीटर जाडीचा एक गोल गज बसवायचा. दोन्हीकडे ५-५ सेंटिमीटर उरतात. फार जवळ-जवळही नको, बारक्या फटीत बाळाचा हात रुतून बसतो; साडेचार ते सहाच्या मध्ये राहा. गज नुसता खिळ्यानं ठोकायचा नाही. वरच्या आणि खालच्या पट्टीत भोक पाडून आत बसवायचा, म्हणजे बाळ धरून उभं राहायला लागलं तरी निघणार नाही. सागवानाचे तुकडे सुताराच्या दुकानात पडलेलेच असतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि कुठल्याही बंपरपेक्षा पुढच्या तीन पिढ्यांच्या उपयोगाचं.

सुतार आलाच आहे तर आणखी दोन गोष्टी करून घ्या. पाळण्याच्या चारही कोपऱ्यांवर शोभेचे लट्टू असतात ना, ते कापून सपाट करा. उभं राहिलेल्या बाळाच्या झबल्याचा गळा त्यात अडकतो. आणि जुना ऑइलपेंट पोपडे धरून सुटत असेल तर तो बाळाच्या खोलीत नको, बाहेर अंगणात काढून घ्या आणि नवा रंग पूर्ण वाळल्याशिवाय बाळाला त्यात ठेवू नका. दात येताना बाळं पाळण्याची कड चघळतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. आजोबांच्या पाळण्याचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा.

बंपरच्या आत काय असतं

हे मला जास्त माहीत आहे, कारण इतरांनी विकत आणलेले बंपर उसवायला माझ्याकडेच येतात. वर सुती किंवा पॉलिस्टर कापड, आत एक इंची फोम नाहीतर उशीत भरतात तो फायबर, कडेनं पाइपिंग. कुणीकुणी घरचाच कापूस पिंजून भरा म्हणतात. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. पण बाळाच्या तोंडाशी आला तर फोम काय आणि घरचा कापूस काय, सारखंच.

एक करून पाहा. उशी हातात घ्या, नाकातोंडावर घट्ट धरा आणि चार-पाच श्वास घ्या. दुसऱ्या श्वासालाच गरम लागतं. तुमचाच सोडलेला श्वास परत आत येत असतो. आपल्याला कोंडल्यासारखं झालं की हात झटक्यात उशी दूर करतो. तीन महिन्यांच्या बाळाचं काय? कुशीवर वळताना तोंड त्या पट्टीत गेलं तर मान मागे घ्यायची ताकद त्याच्या अंगात नसते, आणि कधीकधी तर हवा कमी झाली म्हणून ते जागंही होत नाही. रडण्याचा आवाज येत नाही. शेजारी झोपलेल्या आईला कळायला काही मार्गच नसतो.

दुसरा प्रकार, पट्टी आणि गादी यांच्या मधल्या खाचेत बाळ रुतणं. तिसरा, नाडी गळ्याभोवती येणं. नाडी लांब ठेवली तर गळ्याची भीती आणि आखूड ठेवली तर गाठ सुटून पट्टी आत लोंबते. शिवणाऱ्याच्या हातात याचं चांगलं उत्तर नाही, हे मी मशीनवर बसून सांगते. वेलक्रो लावा म्हणतात. वेलक्रो दहा धुण्यांत धरत नाही, आणि बाळाचे कपडे तर रोज धुवावे लागतात.

अमेरिकेत डॉ. ब्रॅडली थॅक आणि त्यांच्या सोबत्यांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या. १९८५ ते २००५ या काळात बंपरशी जोडलेले २७ बाळांचे मृत्यू त्यांना सापडले. २००७ साली ते छापून आलं. पुढे २०१६ मध्ये याच विषयावरच्या दुसऱ्या अभ्यासात २०१२ पर्यंतचा आकडा ४८ झाला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ पासून बंपर वापरू नका असं सांगायला सुरुवात केली. त्याच वर्षी शिकागो शहरानं विक्री बंद केली, मग २०१३ मध्ये मेरीलँड राज्यानं, आणि २०२२ च्या मे महिन्यात सगळ्या अमेरिकेसाठी कायदा झाला. त्या नोव्हेंबरपासून तिथे गादीचे बंपर बनवायला आणि विकायलाही बंदी आहे. माझी पुतणी नर्स आहे, तिनं हे इंग्रजीतून वाचून मला समजावलं. आपल्या मोबाइलवर जे फोटो येतात ते बहुतेक त्याच देशातल्या घरांचे असतात, आणि ज्या देशाचा फोटो पाहून आपण मागवतो तिथे तो दुकानात विकताच येत नाही!

जाळीच्या बंपरचं विचारतात. पातळ जाळी, त्यातून हवा जाते. त्या अमेरिकी कायद्यानं बिनगादीच्या जाळीला बंदीतून वगळलं आहे, हे खरं. तिथले बालरोगतज्ज्ञ मात्र जाळीलाही नाहीच म्हणतात, आणि मलाही ते पटतं. जाळीलाही नाड्या आहेतच, ती सैल होते, लोंबते, आणि आठ-नऊ महिन्यांचं बाळ तिच्यात पाय रोवून वर चढतं. फट सहाच्या आत असेल तर जाळी तरी कशाला?

"पण डोक्याले लागते ना वं!"

हे आजी लोकांचं. आमच्या गल्लीतल्या एक काकू नातवासाठी बंपर शिवायला आल्या होत्या. कापडही आणलं होतं, मऊ, आकाशी, चांगल्या प्रतीचं.

"काहून नाई शिवत तू? पैशे देतो ना मी."

"काकू, पैशाचं नाही. त्याच्यात लेकराचा श्वास कोंडतो."

"आमच्या लेकराईले कुठं काई झालं? पोट्टं लोळते, लाकडावर डोकं आपटते. टेंगूळ आलं त का करू?"

त्यांचं एक बरोबर आहे. टेंगूळ येतं. बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथं पडायला लागतं, लोळतं, गजाला डोकं लागतं, रडतं. पण स्वतः लोळताना बाळाच्या अंगात इतका जोर नसतो की हाड मोडेल. टेंगूळ दोन दिवसांत उतरतं. पाय फटीत गेला तर बाळ ओरडतं आणि आपण उठून हलकेच सोडवतो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात टेंगूळ आणि रडणं, दुसऱ्यात बिनआवाजाचा गुदमर. काकूंना हे मी असंच सांगितलं. त्या गप्प बसल्या नाहीत, त्या कधीच बसत नाहीत. "तुये मोबाइलवाले डॉक्टर" म्हणाल्या. पण आकाशी कापडाची चादर शिवून घेऊन गेल्या.

काही बाळं झोपताना तालात डोकं आपटतात. साधारण सहाव्या महिन्यानंतर दिसतं, आणि बहुतेकदा आपोआप सुटतं. त्यासाठीही बंपर नको. पाळणा भिंतीपासून दूर सरकवा म्हणजे खडखड कमी होते, आणि त्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात ते महिन्यातून एकदा आवळा. बाळ एरवीही वेगळं वाटत असेल, बघत-हसत नसेल, तर डॉक्टरला दाखवा.

गादीचं माप

बंपरवर एवढं बोलणं होतं, आणि खाली गादी असते ती पिंजून भरलेली, हात ठेवला की बुडणारी. पट्टी काढून टाकली आणि बाळाला अशा गादीवर ठेवलं तर काय साधलं?

गादी पाळण्यात कडेला कड लागून बसली पाहिजे. गादी आणि लाकूड यांच्या मध्ये तुमची दोन बोटं शिरत असतील तर ती गादी लहान आहे. आणि घट्ट पाहिजे: तळहात दाबून उचला, हाताचा ठसा राहायला नको. गादीवाल्याकडून भरून घेणार असाल तर पाळण्याच्या आतल्या मापाची, दोन इंच जाडीची, आणि जवळ-जवळ टाके घालून गच्च टाचलेली मागा. "लेकरासाठी मऊ करा" असं त्याला सांगू नका. तो बिचारा मनापासून मऊ करतो. जुन्या गादीला मध्ये खळगा पडला असेल तर ती सोफ्यावर टाका, पाळण्यात नको.

गादीवर फक्त एक ताणून बसलेली चादर. उशी नाही. राईची उशीही नाही. डोकं गोल व्हावं म्हणून ती आपल्याकडे हमखास करतात. मी ती शिवणं कधीच बंद केलं. बाळाला उताणं झोपवा आणि जागं असताना रोज थोडा वेळ आपल्या नजरेसमोर पोटावर ठेवा, डोक्याला आकार येतो. उताणंच का, तर पालथ्या झोपलेल्या बाळांच्या अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. अमेरिकेत १९९४ साली उताणं झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. बाळ स्वतः दोन्हीकडे वळायला शिकलं की रात्रभर उठून त्याला परत उताणं करायची गरज नाही. पण तेव्हाच आजूबाजूला मऊ काही नसणं सर्वांत महत्त्वाचं.

पाळण्यात बाळ नाही, मग?

आपल्या गावात खरं तर निम्म्याहून जास्त लेकरं रात्री आईजवळच झोपतात, पाळणा दिवसापुरता. तिथे बंपरचं काम लोड आणि उशा करतात. बाळ पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना तक्के लावायचे. हा बंपरच आहे, फक्त नाड्या नाहीत! धोका तोच.

पडायची भीती असेल तर अंथरूण खाली घ्या. जमिनीवर पातळ, कडक गादी, भिंतीपासून चांगली दूर, म्हणजे भिंत आणि गादीच्या मध्ये बाळ जाणार नाही. सुंभाच्या बाजेवर तान्ह्या बाळाला झोपवू नका, ती मध्ये झुलते आणि बाळ घरंगळत आईच्या अंगाखाली येतं. पावसाळ्यात मात्र जमिनीचं माझ्याही मनात येतं, कारण आपल्याकडे मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि चावलेलं कळतही नाही. तेव्हा मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचायच्या. डासही गेले आणि साप-विंचूही. पाळण्यावर मच्छरदाणी टाकायची असेल तर वरून ताणून, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी. अंगावर पडणारी सैल जाळी नको.

घरात कुणी दारू पिऊन झोपत असेल, विडी ओढत असेल, किंवा बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, दिवस भरण्याआधी झालेलं असेल, तर त्याला मोठ्यांच्या अंथरुणात घेऊ नका. आईच्या हाताला लागेल इतक्या जवळ, पण वेगळ्या गादीवर.

झोळीबद्दल एकच. शेतात लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून आपण सगळेच मोठे झालो. पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. कापूस वेचताना समोर दिसत असेल तेवढ्यापुरती ठीक, हनुवटी बघत राहायची. रात्रीची झोप झोळीत नको.

उन्हाळा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. चारही बाजूंनी फोम लावलेल्या पाळण्यात कूलरचा वारा शिरत नाही. एरवी बंपर लावणाऱ्यांच्याही हे लक्षात येतं, बाळ घामेजून किरकिर करायला लागलं की. जास्त उबेनं बाळाच्या झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून उन्हाळ्यात एक सुती झबलं आणि लंगोट पुरे. बाळाला गरम होतंय का ते हातापायांवरून पाहू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे बोटं घाला. ओलसर लागलं तर एक कपडा कमी करा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि झोपताना टोपडं काढा. कमी वजनाच्या तान्ह्या बाळाला थंडीत टोपडं ठेवा असं सिस्टरनं सांगितलं असेल तर मात्र तिचं ऐका.

मग मी काय शिवून देते

चादर आणि थैली.

चादर अशी. समजा गादी ४० बाय २० इंच, जाडी २ इंच. कापड ५२ बाय ३२ इंच लागेल: दोन्हीकडे जाडीचे दोन-दोन आणि खाली दुमडायला चार-चार. चारही कोपऱ्यांतून साडेपाच इंचांचा चौकोन कापून टाका आणि अर्धा इंच शिलाई सोडून कडा जोडा, म्हणजे सहाचा कोपरा तयार होतो. मग सगळ्या कडेला पट्टी दुमडून आतून इलॅस्टिक ओवा. कापड कापायच्या आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करा. न धुतलेलं सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं आणि चादर कोपऱ्यातून उडी मारते. शिवून झाल्यावर गादीवर चढवा आणि एक कोपरा जोरात ओढा. निघाला तर इलॅस्टिक घट्ट करा. आजीचं जुनं सुती लुगडं असेल तर त्याच्याइतकं चांगलं कापड नाही, दुहेरी करून घ्या.

थैली म्हणजे बिनबाह्यांचं लांब झबलं, खालून बंद. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा अंगावर गोधडी टाकण्याऐवजी ही घालायची. गोधडी तोंडावर जाते, थैली जात नाही. गळा इतकाच मोठा ठेवायचा की बाळाचं डोकं आत सरकणार नाही. खांद्यावर टिचबटन, नाडी कुठेच नाही, टोपी जोडलेली नाही. पायांकडे ऐसपैस, म्हणजे बाळ पाय वर घेऊन हलवू शकतं. आणि हिचा एक फायदा बंपर मागणाऱ्यांना आवर्जून सांगते: पाय थैलीत असले की ते गजांच्या फटीतून बाहेर जात नाहीत. ज्या कामासाठी बंपर पाहिजे होता ते काम झालं, तेही तोंडाजवळ काही न आणता. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायची सवय असेल तर ते वळायच्या बेतात दिसलं की ती थांबवा. वळलेल्या बाळाला हात मोकळे लागतात.

नाड्यांचाच विषय निघाला तर, गळ्यातला काळा दोरा आणि ताईत. दृष्ट लागू नये म्हणून बांधता, मी काही म्हणत नाही. गळ्यातून काढा आणि पायात सैल बांधा. पाळण्यावरचं चिमणाळं बाळाच्या हाताला लागेल इतकं खाली नको, आणि बाळ हातांवर उठायला लागलं की ते काढूनच ठेवा. कॉटमध्ये गादी वर-खाली करायची सोय असेल तर त्याच सुमाराला ती सर्वांत खाली घ्या. बाळ उभं राहायच्या आधी, नंतर नाही.

आधीच आलेला बंपर

बारशाला कुणी तरी आणतंच. मामीनं हौसेनं आणलेला असतो, तोंडावर परत कसा करायचा? घ्या, फोटो काढा, आणि पाहुणे गेले की सोडा. फोटोसाठी बांधला तरी बाळ त्यात झोपायला नको. दुसऱ्या कुणाच्या बाळाला देऊ नका. उसवून आतला फोम खुर्चीच्या गादीला चालतो, वरच्या सशांच्या कापडाची थैली होते. बाळ रांगायला लागलं की दिवाणाच्या टोकदार कोपऱ्यालाही तो बांधता येतो, जागेपणी आणि तुमच्या नजरेसमोर.

घरात ऐकत नसतील तर आशाताईला सांगा. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. वजन, ताप, बेंबी बघते. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत घडली, १९९९ मध्ये तिचा अभ्यास जगभर वाचला गेला आणि २०११ पासून ती सरकारनं देशभर घेतली. माझी जाऊ आशा आहे. वजन करून झालं की ती हक्कानं म्हणते, "चला, लेकरू झोपते कुठं ते दाखवा." तुमच्याकडची नाही म्हणाली तर तुम्हीच तिला पाळण्यापर्यंत न्या. सासूबाई सुनेचं ऐकत नाहीत, आशाताईचं ऐकतात.

चादर शिवायला याल तेव्हा गादीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही लिहून आणा. पाळण्याचं माप चालत नाही, गादीचंच लागतं, आणि जाडी नेमकी सगळे विसरतात. थैलीसाठी बाळाचं चालू झबलं सोबत आणा. नुसतं "चार महिन्यांचं आहे" सांगून उपयोग नाही, चार महिन्यांची दोन बाळं कधी एका मापाची नसतात.